छतावरील दूरचित्रवाणी आकाशक

दूरचित्रवाणी प्रेषकाकडून प्रसारित होणारे रेडिओ तरंग ग्रहण करून ते केबलीमार्फत घरातील संचास पुरविण्याकरिता छतावर उभारलेल्या धातूच्या नळ्यांच्या रचनेस छतावरील दूरचित्रवाणी आकाशक म्हणतात. मराठी बोलण्यात ‘अँटेना’ हाच शब्द रूढ झाला. भारतातील दूरचित्रवाणीच्या पहिल्या तीन दशकांत केंद्र, मनोरा, प्रेषक, कार्यक्रम व त्यांची वेळ हे सर्व शासनाच्या हाती होते. आकाशक तेवढा प्रेक्षकाने स्वतः निवडून, विकत घेऊन, स्वतःच्या छतावर उभारावयाचा होता. परंतु या निवडीला मर्यादा होती. आकाशक कितीही उत्तम असला, तरी ज्या प्रदेशात मनोरा नाही तेथे तो निरुपयोगी ठरे. त्यामुळे महाराष्ट्रातील आकाशकाचा इतिहास हा बव्हंशी मनोरे कोठे आधी उभे राहिले व कोठे उशिरा, याचाच इतिहास आहे. विदर्भाच्या संदर्भात ही गोष्ट विशेष स्पष्ट दिसते.

मूळ शोध : घरोघरी दिसणारा आडव्या नळ्यांचा आकाशक ‘यागी–उदा आकाशक’ या प्रकारचा असतो. जपानमधील सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा व हिदेत्सुगू यागी यांनी त्याचा अभ्यास केला आणि १९२६ मध्ये त्याविषयीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रत्यक्ष प्रयोगांचा मोठा भाग उदा यांचा होता. तथापि १९२८ मध्ये यागी यांनी इंग्रजीत निबंध प्रसिद्ध केल्यामुळे जगभर त्यांचेच नाव रूढ झाले. खुद्द जपानमध्ये या शोधाकडे फारसे लक्ष गेले नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४२ मध्ये सिंगापूर घेतल्यावर जपानी सैन्याच्या हाती ब्रिटिश रडारविषयक टिपणे लागली, त्यांत आलेला ‘यागी’ हा शब्द जपानी तंत्रज्ञांना उमगला नाही व अखेर तो आपल्याच देशातील शास्त्रज्ञाच्या नावावरून आलेला असल्याचे त्यांना एका युद्धकैद्याकडून कळले. युद्धानंतर दूरचित्रवाणीचा प्रसार झाला, तेव्हा स्वस्त, हलका व विशिष्ट दिशेने अधिक ग्रहण करणारा असल्यामुळे हाच आकाशक सर्वत्र स्वीकारला गेला.

महाराष्ट्रातील मनोरे : भारतात दूरचित्रवाणीचे प्रायोगिक प्रसारण दिल्ली येथे १५ सप्टेंबर १९५९ रोजी सुरू झाले व दैनंदिन प्रसारण १९६५ मध्ये. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. वरळी येथील सु. ३०० मी. उंचीचा मनोरा हा त्या केंद्राचा मुख्य आधार. त्याच्या उंचीमुळे मुंबईबाहेरील बऱ्याच मोठ्या टापूत, इतकेच नव्हे तर दक्षिण गुजरातच्या किनाऱ्यावरही उंच खांबांवरील आकाशकांच्या साहाय्याने मुंबईचे कार्यक्रम पाहिले जात. सह्याद्रीपलीकडे मात्र हे तरंग पोहोचेनात. म्हणून १९७३ मध्ये सिंहगडावर सहक्षेपण प्रेषक बसविण्यात आला व पुण्यात मुंबईचेच कार्यक्रम दिसू लागले. डोंगरी किल्ल्याची उंची येथे दुसऱ्याच कामी आली.

उर्वरित महाराष्ट्राला दीर्घकाळ थांबावे लागले. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या काळात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहाद्वारे ‘साइट’ हा शैक्षणिक दूरचित्रवाणीचा प्रयोग सहा राज्यांतील सु. २,४०० खेड्यांत करण्यात आला. त्या सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. प्रयोग संपल्यावर त्या क्षेत्रांत भूस्थित प्रेषक उभारले गेले आणि त्यायोगे १९७७ मध्ये रायपूर व गुलबर्गा येथे दूरचित्रवाणी आली. नागपूर हे विदर्भाचे मुख्य शहर व राज्याची उपराजधानी; पण तेथील नागरिकांनी त्या सुमारास मुंबईहून संच आणला असता, तरी तो लावून उपयोग नव्हता. रायपूरचे अंतर सु. २८० किमी., मुंबईचे त्याच्या कितीतरी पट. कोणत्याही उंचीच्या खांबाने भरून निघेल असे हे अंतर नव्हते.

नागपूरला प्रक्षेपण आले ते १९८२ च्या सुमारास. त्या वर्षी १० एप्रिल रोजी इन्सॅट-१ए हा उपग्रह सोडण्यात आला, १५ ऑगस्टपासून दिल्लीहून राष्ट्रीय कार्यक्रमाचे एकाच वेळी सर्वत्र सहक्षेपण व रंगीत प्रसारण सुरू झाले आणि १९ नोव्हेंबरला दिल्लीत नवव्या आशियाई क्रीडास्पर्धांचा प्रारंभ झाला. इन्सॅट-१ए सप्टेंबरमध्येच निकामी झाला. ३० ऑगस्ट १९८३ रोजी सोडलेल्या इन्सॅट-१बी या उपग्रहाने ही सेवा स्थिर केली. इन्सॅट योजनेत खेड्यांसाठी खास कार्यक्रम पुरविण्याकरिता जी सहा राज्ये निवडली होती, त्यांत या वेळी महाराष्ट्राचा समावेश होता आणि त्याचे क्षेत्र म्हणून विदर्भ घेण्यात आला. नागपूरच्या सेमिनरी हिल्स या टेकडीवरील दूरदर्शनचे केंद्र या कार्यक्रमांशी निगडित होते.

परिणामी विदर्भात दोन प्रकारचे आकाशक जवळजवळ एकाच वेळी आले. नागपूर शहरातील छतांवर ॲल्युमिनियमच्या नळ्यांचे यागी आकाशक खाजगी पैशाने उभे राहिले. निवडक खेड्यांत, शाळेच्या वा पंचायतीच्या आवारात, उपग्रहाकडे तोंड केलेली तारेच्या जाळीची मोठी तबकडी शासनाने बसविली. कोंबड्यांच्या खुराड्यांना लावतात त्या जाळीपासून अशी तबकडी करण्याची कल्पना साइट प्रयोगात यशस्वी झालेली होती. पहिला आकाशक एका कुटुंबाचा होता, तर दुसरा गावाचा. पहिला बिघडला तर घरातील मुलगा दुसऱ्या दिवशी छतावर चढे; दुसऱ्यासाठी मात्र तंत्रज्ञ येईपर्यंत वाट पाहावी लागे. सामुदायिक संचांच्या योजनेची देखभालीच्या बाबतीत जी ओढाताण झाली, तिचे एक कारण या फरकात आहे.

क्षितिजाची मर्यादा : दूरचित्रवाणीसाठी वापरले जाणारे मेगॅहर्ट्‌झ कंप्रतेचे तरंग साधारणपणे सरळ रेषेत जातात. पृथ्वीच्या वक्रतेमुळे ते काही अंतरानंतर जमिनीच्या वरून निघून जातात. वातावरणातील किंचित वक्रीभवन जमेस धरले, तर मनोरा व आकाशक यांच्या मीटरमधील उंचींची वर्गमुळे घेऊन त्यांच्या बेरजेस ४·१२ ने गुणल्यास रेडिओ क्षितिजाचे अंतर किमी. मध्ये मिळते. मनोरा १०० मी. व आकाशक ९ मी. उंच असेल, तर हे अंतर सु. ५४ किमी. येते. खांब वाढवून आकाशक २५ मी. उंचीवर नेला, तर ते सु. ६२ किमी. होते, म्हणजे मोठा खर्च व धोका पत्करून अवघ्या आठ किमी.ची भर पडते. क्षितिजापलीकडेही क्षीण तरंग पोहोचतात व ते वर्धकाने वाढविता येतात, हे खरे. तरीही भंडारा वा वर्धा येथील घरमालकास नागपूरचे चित्र मिळविण्यासाठी पुष्कळ खटाटोप करावा लागे आणि चंद्रपूर, गडचिरोली येथील रहिवाशास तो करूनही काही हाती लागत नसे.

सीमेवरील व किनाऱ्यावरील प्रदेशांत आकाशकाची दिशा बदलली की देशही बदलत असे. अमृतसर भागात लाहोरचे कार्यक्रम दिसत व तेथे १९७३ मध्ये भारतीय केंद्र उभारण्यामागे हेही एक कारण होते. तमिळनाडूच्या किनाऱ्यावर उंच आकाशकांवर श्रीलंकेचे कार्यक्रम पाहिले जात. महाराष्ट्राच्या अंतर्भागात असा पर्याय नव्हता. विदर्भात तर आकाशक कोठेही फिरविला तरी दुसरे केंद्र सापडत नसे.

निवड : आकाशक निवडताना प्रथम केंद्राची वाहिनी पाहावी लागे. भारतात दूरचित्रवाणीसाठी अतिउच्च कंप्रतेचे दोन पट्टे वापरले जात. पहिल्या पट्ट्यातील चौथी वाहिनी ६१ ते ६८ मेगॅहर्ट्‌झ या मर्यादेत येते. तिची तरंगलांबी सु. ४·६ मी. असल्यामुळे तिच्या अर्ध्या लांबीचा मुख्य घटक सव्वादोन मीटरच्या आसपास भरतो. वरच्या पट्ट्यातील पाच ते बारा या वाहिन्यांसाठी (१७४ ते २३० मेगॅहर्ट्‌झ) हाच घटक सु. ६५ ते ८५ सेंमी. पुरतो. त्यामुळे एका शहरातील आकाशक दुसऱ्या शहरात बदली झालेल्या कुटुंबाच्या उपयोगी पडेलच असे नसे. नळ्यांची लांबी पाहून कुटुंब कोणत्या गावाहून आले हे जाणकार ओळखू शके. मुंबईत १९८५ मध्ये दुसरी वाहिनी सुरू झाल्यावर एकाच खांबावर लहानमोठ्या नळ्यांचे दोन आकाशक दिसू लागले ते याच कारणाने.

यागी आकाशकात मधोमध दुमडलेल्या नळीचा द्विध्रुव असतो व केबल त्यालाच जोडतात. त्याच्या मागे थोडी अधिक लांब नळी परावर्तकाचे काम करते. पुढच्या बाजूस किंचित आखूड अशा एक वा अनेक दिग्दर्शक नळ्या असतात. या नळ्यांना विजेची जोडणी नसते; द्विध्रुवाशी होणाऱ्या परस्पर प्रवर्तनामुळे त्या तरंगांना एका दिशेने एकवटतात. दिग्दर्शकांची संख्या वाढविली की समोरून येणारा संदेश अधिक प्रबळ होतो. मात्र त्याबरोबर आकाशकाची दृष्टी अरुंद होते आणि दिशेतील थोडी चूकही जाणवू लागते. दुकानदार बहुधा जास्त नळ्यांचा आकाशक पुढे करीत. शहराच्या हद्दीत त्याची गरज क्वचितच असे.

उदाहरणादाखल नागपूरच्या दक्षिणेकडील मनीषनगर ही वस्ती घेता येईल. ती वर्धा मार्गाच्या पूर्वेस, नागपूर–वर्धा लोहमार्गापलीकडे पसरली आहे. सेमिनरी हिल्सची टेकडी तेथून सु. ९ किमी. अंतरावर, उत्तरेच्या किंचित पश्चिमेस पडते. भूप्रदेश जवळजवळ सपाट असून मधे मोठा डोंगर नाही. अशा जागी तीन-चार नळ्यांचा आकाशक, छतापासून दोन-तीन मीटर वर, नळ्यांच्या आखूड बाजूने टेकडीकडे रोखलेला असला की पुरेसा होई. येथे वर्धक लावल्यास उलट अपाय संभवे, कारण आधीच प्रबळ असलेला संदेश आणखी वाढल्याने चित्र विकृत होते. खरी अडचण शेजारची उंच इमारत, पाण्याची टाकी व विमानतळाचे सान्निध्य ही होती. विमान वरून जाताना त्याच्या पृष्ठभागावरून परावर्तित झालेले तरंग मूळ तरंगांत मिसळतात व चित्र काही क्षण थरथरते. यावर घरमालकापाशी उपाय नव्हता.

परावर्तनाचा दुसरा, कायमचा परिणाम म्हणजे चित्राच्या उजवीकडे दिसणारी फिकट दुहेरी छाया. तिच्यावरून परावर्तन कितपत दूरून होते याचा अंदाज बांधता येतो. परावर्तित तरंगाचा मार्ग ३०० मी. अधिक असेल, तर तो एक मायक्रोसेकंद उशिरा पोहोचतो. पडद्यावरील एक रेषा उमटण्यास सु. ५२ मायक्रोसेकंद लागत असल्याने ४० सेंमी. रुंदीच्या पडद्यावर ही छाया मूळ आकृतीपासून सु. पाऊण सेंमी. सरकलेली दिसते. अशा वेळी आकाशक बरोबर केंद्राकडे न रोखता थोडा वळवून, परावर्तित तरंग ज्या बाजूने येतात त्या बाजूस त्याची क्षीण दिशा आणणे हा खरा उपाय असे. कृष्णधवल संचात संदेश क्षीण झाला की पडद्यावर ठिपके येत, पण चित्र दिसे. रंगीत संचात मात्र एका मर्यादेखाली रंगच नाहीसे होत. १९८२ नंतर अनेक घरांनी जुना आकाशक बदलला तो या अनुभवावरून.

उभारणी : खांबासाठी जस्तलेपित लोखंडी नळी वापरीत. ती गच्चीच्या कठड्याला दोन ठिकाणी पक्क्या पट्ट्यांनी आवळीत. खांब उंच असल्यास त्यास तीन दिशांनी तारांचे ताण देत. कौलारू घरात खांब भिंतीला धरावा लागे, कारण कौलांतून भोक पाडले की पावसाळ्यात गळती ठरलेली. प्रक्षेपण बहुतांश क्षैतिज ध्रुवित असल्याने आकाशकाच्या नळ्या जमिनीस समांतर ठेवीत.

दिशा निश्चित करण्याचे काम तीन माणसांचे. एक छतावर खांब फिरवी, दुसरा संचासमोर बसे व तिसरा खिडकीत वा जिन्यात उभा राहून ‘आलं’, ‘गेलं’, ‘थोडं इकडे’ हे निरोप पोहोचवी. क्षेत्रबल मोजण्याची उपकरणे केवळ व्यावसायिकांकडे असत. तरी ही घरगुती रीत पुरेशी अचूक होती, मात्र ती प्रक्षेपण चालू असतानाच साधे. सुरुवातीच्या काळात प्रक्षेपण सायंकाळी काही तासच असल्यामुळे अनेक आकाशकांची दिशा कंदील वा विजेरी घेऊन अंधारात जुळविली गेली.

द्विध्रुवापासून संचापर्यंत प्रारंभी दोन समांतर तारांची चपटी पट्टी, म्हणजे ३०० ओहम संरोधाची केबल, वापरीत. ती स्वस्त होती व दुमडलेल्या द्विध्रुवाशी थेट जुळे. मात्र ती धातूच्या खांबापासून दूर ठेवावी लागे. शिवाय नागपूरच्या ४५° से. च्या वर जाणाऱ्या उन्हाळ्यात तिचे प्लॅस्टिक तडकत असे आणि पहिल्या पावसात तडांमध्ये पाणी शिरले की चित्र फिके पडे. पुढे ७५ ओहम संरोधाची गोल समाक्ष केबल प्रचारात आली. ती टिकाऊ व बाहेरील व्यत्ययास दाद न देणारी आहे, परंतु तिच्यासाठी जोडाच्या ठिकाणी संरोध जुळविणारा लहान रोहित्र बसवावा लागतो. तो वगळल्यामुळे चांगला आकाशकही बदनाम होई. वर्धक लावावयाचा असल्यास तो खांबावर, आकाशकाच्या निकट लावणे इष्ट असते. संचाजवळ लावलेला वर्धक केबलीत क्षीण झालेल्या संदेशाबरोबर त्यातील गोंगाटही वाढवितो.

विजेचा धोका हा उभारणीतील सर्वांत गंभीर भाग होय व व्यवहारात नेमकी त्याचीच उपेक्षा झाली. लोखंडी खांब चढविताना वा फिरविताना तो विजेच्या उघड्या तारांना लागला, तर धरणाऱ्याचा मृत्यू ओढवू शकतो. म्हणून खांब आडवा पडला तरी तारांपर्यंत पोहोचणार नाही इतके अंतर राखणे आवश्यक असते. विदर्भात मॉन्सूनपूर्व काळात व परतीच्या पावसात विजांचा कडकडाट मोठा असतो. खांबापासून जाड तांब्याची तार थेट जमिनीत पुरलेल्या पत्र्यापर्यंत नेणे आणि ढग गडगडू लागताच केबल संचापासून काढून घराबाहेर टाकणे, हे दोन उपाय सांगितले जात. पहिला खर्चिक म्हणून टळे. दुसरा सवयीचा झाला होता. संक्रांतीच्या पतंगांचा मांजा नळ्यांत गुंतणे व कावळ्यांच्या वजनाने नळ्या वाकणे हे किरकोळ उपद्रव असत.

परवाना : रेडिओप्रमाणेच दूरचित्रवाणी संचासही परवाना लागे व त्याचे ५० रु. वार्षिक शुल्क डाकघरात भरावे लागे. १९८५ च्या सुमारास ही पद्धती संपुष्टात आली. तोपर्यंत आकाशक हा संचाचा उघड पुरावा होता. संच पडद्याआड ठेवता येई, आकाशक लपविता येत नसे. शेजाऱ्यांनाही तोच प्रथम दिसे व सायंकाळी घर भरून जाई.

विस्तार व ऱ्हास : १९८४ मध्ये दूरचित्रवाणीच्या विस्ताराची खास योजना राबविण्यात आली आणि जिल्ह्याच्या गावोगावी १०० वॉट शक्तीचे लघुशक्ती प्रेषक बसले. अशा प्रेषकाचा पल्ला सु. २५ किमी. असतो. उंच खांबांची गरज त्यामुळे घटली व आकाशक लहान गावांतही दिसू लागले. हे प्रेषक मुख्यतः दिल्लीचा राष्ट्रीय कार्यक्रम उपग्रहावरून घेऊन पुढे पाठवीत. परिणामी विदर्भातील पुष्कळ घरांना दूरचित्रवाणीची पहिली ओळख हिंदी भाषेतून झाली. राज्याच्या पश्चिम भागात मुंबई केंद्राच्या मराठी नाटकांनी व गप्पांच्या कार्यक्रमांनी जे स्थान १९७२ नंतर मिळविले होते, तसे त्यांना येथे त्या काळात मिळू शकले नाही. २५ जानेवारी १९८७ रोजी रामायण ही मालिका सुरू झाली व तिच्यामागून २ ऑक्टोबर १९८८ पासून महाभारत. रविवारी सकाळी आकाशक सुस्थितीत असणे ही तेव्हा घरोघरची निकड बनली.

यानंतर अल्पावधीतच आकाशकाचे महत्त्व ओसरले. १९९१ मध्ये आखाती युद्धाच्या निमित्ताने व त्याच वर्षी आलेल्या उपग्रह वाहिन्यांमुळे खाजगी केबलसेवा शहरांत पसरली. एका तबकडीवरून शेकडो घरांना जोडणी मिळाल्याने प्रत्येक छतावर खांब असण्याची गरज उरली नाही. मराठी प्रेक्षकांसाठी दूरदर्शनची उपग्रह वाहिनी १९९४ मध्ये सुरू झाली आणि तिला पुढे ‘सह्याद्री’ हे नाव मिळाले. नागपूरच्या प्रेक्षकास ती केबलीवर मुंबईकराइतकीच सहज दिसू लागली. मनोऱ्याच्या अंतरामुळे पडलेला भेद येथे मिटला, परंतु तो आकाशकाने मिटविलेला नव्हता. डिसेंबर २००४ मध्ये दूरदर्शनची घरोघर थेट पोहोचणारी विनाशुल्क उपग्रह सेवा सुरू झाली. केबलच्या सक्तीच्या अंकीकरणाच्या दुसऱ्या टप्प्यात, ३१ मार्च २०१३ या मुदतीने, ज्या ३८ शहरांचा समावेश झाला त्यांत नागपूर होते.

भूस्थित सदृश प्रसारण दूरदर्शनने टप्प्याटप्प्याने बंद केले. मार्च २०२२ अखेरीस सामरिक महत्त्वाची सु. ५० ठिकाणे सोडून ते देशभर थांबविण्याचे ठरले व त्यानुसार अंमल झाला. त्याऐवजी आणलेल्या अंकीय भूस्थित प्रसारणाचा प्रारंभ फेब्रुवारी २०१६ मध्ये १६ शहरांत झाला होता. त्यासाठी वरच्या कंप्रतेचा, हातभर लांबीचा आकाशक पुरतो आणि शहरात तो खिडकीतही चालतो. त्या पहिल्या १६ शहरांत महाराष्ट्रातील मुंबई व औरंगाबाद ही दोन होती. नागपूरचा त्यांत समावेश नव्हता. जुन्या गच्च्यांवर शिल्लक राहिलेल्या लोखंडी खांबांना आता बहुधा उपग्रहाची तबकडी वा कपडे वाळविण्याची दोरी बांधलेली आढळते.